घर शिफ्टिंगचं पॅकिंग: सुरुवात माळ्यावरून, किचन सगळ्यात शेवटी

पहिल्यांदा घर बदलणाऱ्यांना वाटतं की पॅकिंग म्हणजे काय, खोकी आणायची, भरायची, टेप मारायची, एका शनिवार-रविवारचं काम. आणि मग टेम्पो खाली उभा, हमाल जिन्यात बसून तंबाखू मळतायत आणि घरात अजून मसाल्याचा डबा कशात घालायचा यावर चर्चा चाललीये. माझी बदलीची नोकरी आहे त्यामुळे हे सगळं अंगवळणी पडलंय, आणि ऑफिसमध्ये कोणाचीही बदली झाली की फोन मलाच येतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. सामान फुटतं ते टेम्पो कुठे धडकला म्हणून नाही, ते फुटतं खोक्याच्या आत हलून. प्रत्येक स्पीडब्रेकरला, प्रत्येक खड्ड्याला आतली बशी शेजारच्या बशीवर आपटत राहते. म्हणजे वरून किती टेप मारलीत याला काही अर्थ नाही, आत मोकळी जागा राहिलीये का हे महत्त्वाचं. खोका बंद केला की दोन्ही हातांनी उचलून हलकासा हलवायचा, आतून खुडबुड ऐकू आली तर परत उघडायचा आणि जिथे पोकळी असेल तिथे कागदाचे बोळे, टॉवेल, मोजे, जे हाताला लागेल ते कोंबायचं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

तारीख आणि सोसायटी

आपल्याकडे भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचे, त्यामुळे महिनाअखेर आणि एक तारीख या दोन दिवसांत अर्धं शहर घर बदलत असतं आणि टेम्पोवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या म्हणून गर्दी, त्यानंतर पाऊस. जमत असेल तर महिन्याच्या मधला एखादा वर्किंग डे पकडा. आणि घरातल्या मोठ्यांची हरकत नसेल तर पितृपक्षात गाडी पटकन मिळते, कारण त्या पंधरवड्यात कोणी नवीन घरात पाऊल ठेवत नाही. आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाहीये, तो भाग वेगळा.

दोन्हीकडच्या सोसायटीत आधी विचारून घ्या, सामान कुठल्या वेळेत चढवू-उतरवू देतात, लिफ्ट वापरू देतात का, एनओसी लागते का, काही पैसे घेतात का. बऱ्याच ठिकाणी दुपारी लिफ्ट देत नाहीत आणि वॉचमन कागद बघितल्याशिवाय गाडी आत सोडत नाही. टेप घेऊन नव्या घराची लिफ्ट, दार आणि जिन्याचं वळण मोजा, मग सोफा आणि कपाट मोजा. पुण्याच्या पेठांमध्ये किंवा गिरगाव-दादरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जात असाल तर हे अजिबात टाळू नका, तिथे गाडी दारापर्यंत येत नाही आणि जिना असा असतो की तीन सीटर सोफा उभा केल्याशिवाय वळतच नाही. लिफ्ट नसेल तर हमाल मजल्यामागे वेगळे पैसे लावतात, ते आधी बोलून घ्या, सामान जिन्यात असताना घासाघीस करता येत नाही.

आधी कमी करा, मग बांधा

साधारण तीन आठवडे आधी माळ्यावर चढा. माळ्यावर जे असतं ते वर्षभर कोणाला लागलेलं नसतं, त्यामुळे ते आधी बांधून टाकलं तरी रोजचं काही अडत नाही, आणि अर्ध्याहून जास्त बांधायचंच नसतं. बंद पडलेला मिक्सर, ज्याची बॅटरी मिळत नाही तो फोन, मुलाची तिसरीतली प्रोजेक्ट्स, लग्नात आलेली काचेची ट्रे सेट जी अजून रॅपरमध्येच आहे. गाडीचं भाडं सामानावर ठरतं हे लक्षात घेतलं की टाकायला हिंमत येते. भंगारवाल्याला दोन वेळा बोलवावं लागेल, पहिल्या खेपेला आपण फार माया करतो.

पण रद्दी विकू नका! शिफ्टिंगच्या आधीचा महिनाभर पेपर साठवून ठेवा, ते कमीच पडतात.

किराणाही या तीन आठवड्यांत संपवत आणायचा. तेलाचा पाच लिटरचा कॅन नवीन आणू नका, डाळ-तांदूळ किलो-किलोनेच घ्या, फ्रीजरमधले मटार आणि ओल्या नारळाचे डबे संपवून टाका.

खोकी कुठून आणायची

विकत मिळतात, ऑनलाइन सेटसुद्धा येतात, पण फुकटात चांगली मिळत असताना सगळी विकत घ्यायची गरज नाही. औषधाच्या दुकानातली खोकी छोटी आणि घट्ट असतात, काचेच्या वस्तूंना उत्तम. झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर कागदांच्या रिमची खोकी मिळतात, ती पुस्तकांसाठीच बनवल्यासारखी आहेत, कागदाचं वजन पेलायलाच केलेली. वाईन शॉपमधलं खोकं मागायला लाजू नका, आत बारा बाटल्यांचे पुठ्ठ्याचे कप्पे असतात, एकेका कप्प्यात एकेक काचेचा ग्लास किंवा लोणच्याची छोटी बरणी कागदात गुंडाळून उभी बसते. आई-बाबा काय म्हणतील असं वाटत असेल तर बाहेरून खाकी कागद लावा. किराणावाल्याकडची बिस्किटांची मोठी खोकी पातळ असतात, त्यात उश्या-पांघरुणंच घाला. ओल धरलेलं किंवा झुरळं फिरताना दिसलेलं खोकं कितीही चांगलं असलं तरी नको, नाहीतर त्यांचंही शिफ्टिंग तुमच्याच खर्चाने होईल.

बाकी सामान: रुंद ब्राउन टेप भरपूर, कटर, जाड मार्कर, सुतळी, बबल रॅपचा एक रोल, पुठ्ठ्याचा नालीदार रोल फर्निचरसाठी, आणि स्ट्रेच रॅप म्हणजे ती पारदर्शक चिकटणारी प्लास्टिक फिल्म. शेवटचं घ्याच, ड्रॉवर बंद ठेवायला, डब्यांची झाकणं धरून ठेवायला, उशी सोफ्याला बांधायला, सगळ्याला उपयोगी पडते आणि टेपसारखा डिंक मागे ठेवत नाही. फर्निचरच्या पॉलिशवर ब्राउन टेप डायरेक्ट कधीच मारायची नाही, काढताना पॉलिश घेऊन निघते.

खोका भरायचा कसा

खोक्याच्या तळाला मधल्या फटीवर टेप उभी दोनदा आणि आडवी एकदा. तळाला चुरगाळलेल्या पेपरचा तीन-चार बोटं जाड थर, चुरगाळलेलाच हवा, घडी घातलेला पेपर दबून जातो आणि काही झेलत नाही. जड वस्तू खाली, हलक्या वर, आणि एक खोका साधारण १२ ते १५ किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही. याची साधी परीक्षा म्हणजे घरातल्या सगळ्यात बारीक माणसाला तो उचलता आला पाहिजे. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की हमाल तो जमिनीवरून ओढत नेतो, तळ सुटतो, आणि मग जिन्यात कोण बरोबर कोण चूक याची चर्चा.

आता काचेच्या प्लेट्स. बहुतेक लोक त्या आडव्या, एकावर एक रचतात आणि तिथेच घोळ होतो, कारण सगळ्या थप्पीचं वजन खालच्या प्लेटवर येतं आणि धक्का बसला की ती तडकते. प्लेट उभी ठेवायची, कडेवर, फाइली उभ्या लावतो तशी. टेबलावर पेपर पसरायचा, प्लेट मधे ठेवून दोन कोपरे तिच्यावर आणायचे, वर दुसरी प्लेट, परत दोन कोपरे, असं तीन प्लेट्सचं एक पुडकं करून बाहेरून अजून एका पेपरात गुंडाळायचं आणि टेप. अशी पुडकी खोक्यात उभी शेजारी शेजारी, मधे पुठ्ठ्याचा तुकडा, कडेला बोळे. कपांच्या कानात आधी कागदाची बारीक गुंडाळी अडकवायची मग कप गुंडाळायचा, कान सगळ्यात आधी तुटतो. पांढरी क्रॉकरी असेल तर पेपरची शाई लागते, त्यामुळे आतला थर साध्या कोऱ्या कागदाचा किंवा जुन्या सुती ओढणीचा ठेवा. जुन्या सुती साड्या या कामाला बबल रॅपपेक्षा भारी, आणि नाहीतरी त्या न्यायच्याच असतात.

खोक्यावर नाव लिहायचं ते बाजूला लिहायचं, वर नाही, एकावर एक रचले की वरचं काही दिसत नाही. आणि नव्या घरातली खोली लिहायची, जुन्या घरातली नाही. जुन्या घरात पुस्तकं हॉलमध्ये होती पण नव्या घरात मुलीच्या खोलीत जाणार असतील तर "मुलीची खोली" असंच लिहा. उचलणाऱ्या पोरांना मराठी वाचता येईलच असं नाही, म्हणून प्रत्येक खोलीला एक रंग ठरवून त्या रंगाची टेप किंवा मार्करचा मोठा ठिपका द्या आणि नव्या घरात त्या त्या दारावर तोच रंग लावा. प्रत्येक खोक्याला नंबर, आणि मोबाईलमध्ये नोट, १७ नंबरमध्ये काय आहे वगैरे. सोन्याचं, चांदीचं, लॅपटॉप असलं काही बाहेरून लिहू नका.

किचन

हे शेवटी का, तर शेवटच्या दिवशीपर्यंत चहा लागतो. पण सगळं शेवटच्या दिवसावर ढकललं तर मेलात. रोज न लागणारं म्हणजे अनारशाची चाळणी, मोदकपात्र, पाहुण्यांची ताटं, हे आठवडाभर आधी जाऊ दे. मग दोन ताटं, दोन वाट्या, एक कुकर, एक कढई, एक तवा, पोळपाट-लाटणं एवढ्यावर चार दिवस निघतात.

स्टीलची भांडी फुटत नाहीत पण पोचे येतात आणि जागा खातात, म्हणून एकात एक घालायची, मधे कागद. मोठं पातेलं, कुकर, धान्याची कोठी, पाण्याचं पिंप, यातलं काहीही रिकामं न्यायचं नाही, आत मिक्सरची भांडी फडक्यात गुंडाळून, मसाल्याच्या बाटल्या, नॅपकिन भरा. मिक्सरची पाती भांड्यातून निघत असतील तर काढून जाड पुठ्ठ्यात, सुऱ्या आणि विळीचंही तसंच, विळीच्या पात्यावर पुठ्ठा दुमडून सुतळीने आवळायचा आणि वर "धार" असं लिहायचं. खोका उघडणारा माणूस आत हात घालतो हे विसरू नका.

डब्यात डाळी-पोहे तसेच न्यायचे असतील तर झाकणावरून स्ट्रेच रॅपचे दोन-तीन वेढे, आणि डबा उभाच. पिठाचा डबा मात्र रिकामा करा, पीठ झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी अजून एका पिशवीत.

तेल, तूप, मध, सिरप, फिनेल या सगळ्यांसाठी एकच उपाय. झाकण काढा, तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा, वरून झाकण घट्ट फिरवा, मग टेप. आणि या बाटल्या खोक्यात नाही, बादलीत उभ्या ठेवा, बाजूने फडकी. सांडलं तर बादलीत सांडेल, चादरींवर नाही. फिनेल-हार्पिकची बादली वेगळी, तेला-तुपाची वेगळी. लोणच्याची चिनी मातीची बरणी असेल तर तिच्या तोंडाला दादरा म्हणजे स्वच्छ फडकं बांधा आणि तिला गाडीत मागे टाकू नका, कोणाच्यातरी मांडीवर द्या. तेलाचा थर हलला आणि खार वर आला तर वर्षभराच्या लोणच्याला बुरशी धरते.

कपडे, पुस्तकं

यात फार डोकं लावू नका. हँगरवरचे कपडे पाच-सात एकत्र धरून खालून मोठी कचऱ्याची काळी पिशवी चढवायची आणि हँगरच्या मानेशी गाठ मारायची. बाकीचं बॅगांमध्ये आणि चादरीच्या गाठोड्यांत. चाकाची ट्रॉली बॅग मात्र कपड्यांना वाया घालवू नका, तिच्यात पुस्तकं किंवा जड फाइली भरा, चाकं कशाला दिलीयेत.

मोठं सामान

पलंग, कपाट, टेबल उघडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. स्क्रू आणि बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर वस्तूचं नाव, आणि अशा सगळ्या पिशव्या एका डब्यात, तो डबा तुमच्या हातातल्या बॅगेत. पिशवी पलंगाच्या फळीलाच चिकटवा असं काही लोक सांगतात, मला ते पटत नाही, फळ्या घासत येतात आणि पिशवी वाटेत कुठेतरी गळते. लोखंडी कपाटाचं लॉकर रिकामं करा, दार कुलूप लावून वरून सुतळी, आणि किल्ली कपाटात राहिली नाही ना ते दार लावायच्या आधी बघा. आरसा आणि टीपॉयची काच कायम उभी न्यायची, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेपची फुली, फुटलीच तर तुकडे उडत नाहीत.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून डीफ्रॉस्ट करा, मागचा पाण्याचा ट्रे ओता, आतल्या काचा काढून वेगळ्या गुंडाळा. उभाच न्यायचा. नव्या घरात पोचल्यावर लगेच बटण दाबायचं नाही, तीन-चार तास तसाच राहू दे म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसतं, आणि कोणी तो आडवा आणला असेल तर अख्खा दिवस थांबा.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन बसवताना मेकॅनिकने मागून काढून दिलेले लांब बोल्ट असतात, ते ड्रम जागेवर धरून ठेवतात, ते परत बसवल्याशिवाय मशीन गाडीत चढवू नका. ते बोल्ट बहुतेक घरांत मॅन्युअलच्या पिशवीत नाहीतर टूलबॉक्सच्या तळाशी सापडतात. नसतीलच तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा. पाइपमधलं पाणी काढून टाका, नाहीतर ते सोफ्यावर येतं.

टीव्हीचा मूळ खोका असेल तर तुम्ही शहाणे आहात. नसेल तर स्क्रीनवर मऊ चादर, वर पुठ्ठा, आणि उभा, कधीही आडवा झोपवून नाही. एसी स्वतः काढू नका, टेक्निशियन गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून बंद करतो, तसं न करता पाइप सोडला तर सगळा गॅस उडून जातो आणि नव्या घरात भरायचा खर्च वेगळा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ॲसिड असतं, ती उभीच राहिली पाहिजे, मेन आणि इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्हची वायर काढायची मग पॉझिटिव्हची, टोकांना टेप, आणि आजूबाजूला कपडे नकोत. वॉटर प्युरिफायर पाणी काढून, नळ्यांचा फोटो घेऊन.

गॅस

शहर तेच असेल पण एजन्सी बदलत असेल तर कनेक्शन ट्रान्सफर होतं, सिलेंडर आणि रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतो. दुसऱ्या गावी जाताय तर सिलेंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, डिपॉझिट परत घ्यायचं आणि मिळणारं ट्रान्सफर व्हाउचर जपून ठेवायचं, त्यावर नव्या गावात कनेक्शन मिळतं. हे काम शेवटच्या आठवड्यात धावपळ करून होत नाही, आधी जाऊन विचारा. पॅकर्सवाले भरलेला १४.२ किलोचा सिलेंडर सहसा घेत नाहीत आणि बंद गाडीत तो घालूही नये. गावातल्या गावात उघड्या टेम्पोतून नेत असाल तर दोरीला लटकणारी ती सेफ्टी कॅप दाबून बसवा आणि सिलेंडर उभा बांधा. नव्या घरात पाइपचा गॅस असेल तर तुमची शेगडी तशीच चालत नाही, आतले जेट बदलावे लागतात, ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

हातातली बॅग आणि पहिल्या रात्रीचा खोका

आधार, पॅन, पासपोर्ट, मार्कशीट, दोन्ही भाडेकरार, चेकबुक, घराचे पेपर, दागिने, रोजची औषधं, चष्मा, चार्जर, सगळ्या किल्ल्या. ही बॅग टेम्पोत नाही, तुमच्या खांद्याला.

दुसरा एक खोका सगळ्यात शेवटी चढवायचा म्हणजे तो सगळ्यात आधी उतरतो. त्यात चहा-साखर, छोटं पातेलं, गाळणं, कप, मेणबत्ती-काडेपेटी, एक बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, स्क्रू ड्रायव्हर, कटर, झाडू-पोछा, टॉयलेट पेपर नाहीतर पाण्याचा मग, साबण, टॉवेल, एक जोड कपडे, एक चादर प्रत्येकी. देवही यातच, किंवा हातात. नवीन घरात दूध उतू घालायचं असेल तर दूध कोण आणणार हे आदल्या दिवशीच ठरवा, सकाळी सगळे एकमेकांकडे बघतात.

गाडी आणि पॅकर्स

वन बीएचकेचं बेताचं सामान छोटा हत्ती म्हणतात त्या लहान टेम्पोत बसतं, टू बीएचकेला मोठी गाडी लागते, दोन खेपा करण्यापेक्षा तीच परवडते. चढवताना जड सामान केबिनच्या बाजूला, म्हणजे कपाट, फ्रीज, मशीन, त्यांच्यामधे गाद्या उभ्या घालायच्या, मग खोकी, जड खाली आणि काच वर. मे-जूनपासून पुढे ताडपत्री असलेलीच गाडी घ्या आणि ती फाटकी नाही ना ते स्वतः बघा. कुंड्यांना दोन दिवस आधीपासून पाणी बंद करा, माती हलकी होते, आणि भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये उभ्या करा.

लांबच्या गावासाठी पॅकर्स करणार असाल तर फोनवर "सगळं करून देतो" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. घरी येऊन किंवा व्हिडिओवर सामान बघून लेखी कोटेशन, त्यात पॅकिंग, चढवणं-उतरवणं, मजला, टोल सगळं धरलेलं. "इन्शुरन्स इनक्लुडेड" म्हणाले तर पॉलिसीचा कागद मागा, नुसता तोंडी शब्द म्हणजे काहीच नाही. सगळे पैसे आधी देऊ नका, मोठी रक्कम सामान उतरल्यावर. अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून जास्त पैसे मागण्याचे प्रकार होतात, म्हणून गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि बिल्टी म्हणजे माल चढवल्याची पावती हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका. त्यांच्या यादीत ते प्रत्येक वस्तूपुढे आधीच "स्क्रॅच" असं लिहून ठेवतात, वाचा, आणि चुकीचं असेल तर सही करण्याआधी खोडायला लावा, तुमच्याकडचे फोटो इथे कामाला येतात. ऑफिस खर्च देणार असेल तर जीएसटीचं पक्कं बिल.

सामान उतरताना एक जण खाली गाडीपाशी, एक जण वर दारात, आणि नंबरांवर टिक करत जायचं. जुन्या घरातून निघताना लाइट मीटरच्या रीडिंगचा आणि रिकाम्या खोल्यांचा फोटो काढून घरमालकाला पाठवा, डिपॉझिट कापायची वेळ आली की हाच पुरावा असतो. उतरवलेली खोकी लगेच रद्दीत देऊ नका, आठवडाभर प्रत्येक खोक्याच्या तळातला कागद हाताने चाचपून बघा, चमचे आणि झाकणं तिथेच सापडतात. मग टीव्हीचा खोका आणि मशीनचे बोल्ट तेवढे माळ्यावर टाका, बाकी सगळं वॉचमनला द्या.